पितळी डब्याची बोली

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली. ऱ्हस्व की दीर्घ ते आजही हाताला येईल तसं लिहिते, आणि अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. ज्या कुणाच्या हाती ही पानं लागतील त्यांनी माफ करावं. खरं तर मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तोंडाने मला कधी काही नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. देवाने केलेला एक उपकार मला फार उशिरा कळला. तो विसरायच्या आत कुठेतरी असावा.

लग्न होऊन मी नाशिकला आले. नवरा मिशनच्या आवारात सुतारकाम करायचा. शाळेचे बाक, दवाखान्याच्या खाटा, चर्चच्या खिडक्या, सगळ्याला त्याचा हात लागलेला. मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षी तो तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी शब्द टाकला म्हणून मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या भाजायचं काम मिळालं आणि आवारातल्या चाळीतली शेवटची खोली राहायला मिळाली. पहाटे जायचं, मुलींचा दुपारचा स्वयंपाक आटपला की यायचं, पुन्हा संध्याकाळी जायचं. मधली दुपार माझी.

ती दुपार मला खायला उठायची. घासलेली भांडी मी पुन्हा घासायची. घागरीतलं पाणी झाडाला ओतून नळावरून परत भरून आणायची. मग भिंतीला टेकून बसायची. समोर दुसरी भिंत. कुणी म्हणेल, एवढा निवांत वेळ, प्रार्थना करावी. निवांत बसण्यातही प्रार्थना असते हे मला माहीत आहे. पण मी प्रार्थना करत नव्हते. मी वाट बघत होते, आणि कुणाची ते मला ठाऊक नव्हतं. उपासनेत पाळकसाहेब वेळेबद्दल बोलले की मला वाटायचं, हे ज्यांना वेळ पुरत नाही त्यांच्यासाठी आहे. माझा तर संपत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत दिवाळीनंतर, बाजरी घरात आली की, हंगामाचा सण होतो. वर्षभर देवाने जे दिलं त्याबद्दल उपकार मानायचे. जो तो आपल्याकडचं काही आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवतो. कणसं, भोपळा, अंडी, कोंबडी, बागवाल्यांचे पेरू, बायकांनी केलेले केक. उपासना झाली की तिथेच लिलाव. चार आण्यांचं लिंबू दहा रुपयांना जातं. घेणाराही हसतो आणि देणाराही हसतो, कारण पैसे देवाच्या कामाला जातात. कुणी घेतलेली वस्तू पुन्हा टेबलावर ठेवतो आणि ती दुसऱ्यांदा विकली जाते. रोख नसले तर नावावर मांडून ठेवतात आणि पुढच्या सणापर्यंत द्यायचे. तोवर कुणाची बाकी राहिली तर ती सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. हे वाचणं सगळ्यांना नको असतं, म्हणून बहुतेक लोक आधीच भरून टाकतात.

मी दर वर्षी शेंगदाण्याचे लाडू न्यायची, कागदात बांधून. त्या वर्षी गूळ पातळ झाला आणि कागद ओला व्हायला लागला, म्हणून नवऱ्याच्या जेवणाच्या पितळी डब्यात लाडू भरले. भांडीबाजारातून त्याने स्वतः निवडून आणलेला डबा होता तो, झाकणाला कडी असलेला. तो गेल्यावर मी त्याला चिंचेने घासून लखलखीत ठेवलेला. माझ्या मनात होतं की लाडू कुणीतरी घेईल आणि डबा मी परत आणीन. टेबलावर ठेवलेलं भांड्यासकट देवाचं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते पत्रावळीवर नाहीतर परडीतच आणायचे.

लिलाव पुकारायचे ते मंडळीचे खजिनदार. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, पण आवाज अजून वर्गातलाच.

"हा भोपळा बघा, पाळकसाहेबांच्या पोटाला पोट. दहा रुपये. बारा कोण म्हणतं?"

पाळकसाहेबांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "बारा. घरातलं घरात राहू द्या." सगळे हसले.

मग मास्तरांनी माझा डबा उचलला. "अस्सल पितळेचा डबा, आत लाडू. डब्यासकट दहा रुपये."

डब्यासकट म्हटल्यावर मी दचकले. मी उभी राहिले. म्हणायचं होतं, डबा माझा आहे, तेवढा परत द्या. पण फक्त हात वर गेला.

"ताईंचे पंधरा," मास्तर म्हणाले.

आमच्यात एक मोटार गॅरेजवाले होते. हातात पैसा होता, मनाने उदार आणि गमतीचे. ते पुढच्या बाकावरून म्हणाले, "वीस." मी हात हलवला, नाही नाही म्हणून. "पंचवीस," मास्तर म्हणाले. एवढ्या माणसांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं की मला हात खालीही घेता येईना. बायका कौतुकाने बघत होत्या. गॅरेजवाले मला चढवत होते, त्यांना वाटलं ही आज मनापासून द्यायला उभी आहे, तिचा मान राहू दे. ते शंभरवर पोचले, मास्तरांनी माझ्या नावावर एक रुपया वर धरला, तेव्हा ते हसून म्हणाले, "ताईंनी मनावर घेतलंय आज, आता मी बसतो."

"ताईंचे शंभर आणि वर एक," मास्तरांनी पुकारलं. " एक वार, दोन वार, तीन वार."

बोर्डिंगात माझा पगार महिन्याला नव्वद रुपये होता.

पाळकसाहेब उठले आणि शास्त्रातल्या त्या विधवेबद्दल बोलले, जिने होतं नव्हतं ते दानपेटीत टाकलं. बोलताना त्यांचे डोळे भरले. बाहेर पडताना लोकांनी माझा हात हातात घेतला. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या कपाळाचा मुका घेतला. नवरा गेल्यापासून मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं. आता कुठल्या तोंडाने सांगणार की मी बोली लावलीच नव्हती?

लाडू मी बोर्डिंगच्या मुलींना वाटले. डबा घेऊन घरी आले आणि त्याच्याकडे बघत बसले. खरं लिहायचं तर मला देवाचा राग आला होता. ज्याने माझं माणूस नेलं त्याने आता डबाही विकत घ्यायला लावला.

चाळीत माझ्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. जिभेला धार, पण कुणाच्या आजारपणात पहिल्या धावून जाणार. दोन दिवस माझं तोंड बघून त्यांनी दारातच विचारलं, "काय झालं? दानशूर बाईचं तोंड असं उतरलेलं का?"

मी सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मलाच पाणी द्यावं लागलं.

"अगं मग जाऊन सांग ना मास्तरांना. चूक झाली म्हणावं."

"पाळकसाहेबांनी प्रवचनात घेतलं मला."

"हो, ते एक अवघड करून ठेवलंय त्यांनी." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि नाही भरलेस तर?"

"वाचतील. मग मी चर्चला जाऊ शकणार नाही."

हे मी उगीच म्हटलं नव्हतं. रविवारची ती उपासना म्हणजे माझी सारी माणसं. शेजारी कुणी बसतं, गीताचं पुस्तक कुणी पुढे करतं, कुणी विचारतं बरी आहेस का. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. सगळ्यांसमोर बाकी वाचली गेली तर माझं पाऊल त्या दारात पुन्हा पडणार नव्हतं. मी स्वतःला ओळखून होते.

सिस्टर म्हणाल्या, "तुला जगात एकच गोष्ट येते, भाकरी. आणि एकच गोष्ट जास्त आहे, दुपार. भिंतीकडे बघून भिंत काही देणार नाही."

आवाराच्या मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या खोलीत दोन तरुण पोरं राहायची. तेव्हा सातपूरला नवे कारखाने निघालेले, गावोगावची पोरं कामाला यायची. एक चांदवडकडचा, उंच आणि बडबड्या. दुसरा कळवणकडचा, जेमतेम बोलणारा. दुपारपाळीला जाताना माझ्या खिडकीवरून जायची. पूर्वी एकदा उंच मुलगा खिडकीशी थांबून म्हणाला होता, "मावशी, तुमच्याकडं भाकरीचा लय झ्याक वास येतो. आमच्या खोलीत नुस्ता रॉकेलचा." आणि मी खिडकी लावून घेतली होती.

सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं. "ए पोरांनो, ही बाई तुम्हाला भाकरी आणि कालवण देईल. डबे सकाळी खिडकीत ठेवायचे, जाताना न्यायचे. पैसे आठवड्याला. उधारी नाही."

मी आत पडद्यामागे उभी.

"मावशी मुक्या हायत का?" उंच मुलाने विचारलं.

"मुकी नाही. तुझ्यासारखी रिकामी बडबड करत नाही."

कळवणच्या मुलाने हळूच त्याला काहीतरी म्हटलं. उंच मुलगा मोठ्यानेच म्हणाला, "मिशनवाल्यांच्या घरचं खाल्लेलं आईला कळलं तर कळलं. आई इथं भाकरी थापाया येणार हाय का?"

असं सुरू झालं. बोर्डिंगातून आले की मी चूल पेटवायची. सातपूरचा भोंगा वाजायच्या आत डबे भरून तयार पाहिजेत. आधी माझी दुपार सरता सरत नव्हती, आता मी पीठ मळता मळता उन्हाकडे बघायची, किती उरलंय म्हणून. पितळी डब्यात मी त्यांची लसणाची चटणी ठेवायला लागले. तो रोज उघडला जायला लागला. नुसता घासून ठेवण्यापेक्षा बरं वाटलं.

बोलणं म्हणाल तर खिडकीतून दोन वाक्यं.

"मावशी, आज चटणीनं जीव काढला."

"पाणी प्यायचं."

"पाणी पिऊन पिऊन पोट फुगलं, सुपरवायझर म्हनला बाळंत होतो का काय."

मी तोंडाला पदर लावायची. कळवणचा मुलगा काही बोलायचा नाही, पण त्याचा डबा नेहमी धुऊन, राखेने घासून यायचा. त्याच्या गावाकडचं बोलणं मला फारसं समजायचं नाही. एकदा त्याने डबा देताना म्हटलं, "चांगलं शे," म्हणजे चांगलं आहे. तेवढंच. मी ते दिवसभर मनात धरून ठेवलं.

महिन्याच्या शेवटी मी मास्तरांकडे थोडे थोडे पैसे भरायची. ते पावती द्यायचे आणि म्हणायचे, "सावकाश, ताई." उन्हाळा आला तोवर बरीचशी रक्कम फिटली होती. मला वाटलं सणाच्या आधी सगळी फिटेल.

पावसाळ्याच्या मध्यात त्या पोरांच्या कारखान्याला टाळं लागलं. काय भांडण होतं मला कळलं नाही. पोरं रोज फाटकाशी जाऊन बसायची आणि परत यायची. दोन आठवडे त्यांनी डबे ठेवले. मग एक दिवस खिडकी रिकामी. मला वाटलं गावी गेले असतील. पण संध्याकाळी बोर्डिंगात जाताना बघितलं, दोघं लांबच्या गल्लीने वळसा घालून खोलीत जात होते. माझ्या खिडकीवरून जायला नको म्हणून. पैसे नव्हते ना.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. पीठ मळून ठेवलेलं. सणाला तीन महिने राहिलेले आणि बाकी चाळीस रुपये. या पिठाचे पैसे आता येणार नव्हते. भाकऱ्या थांबवल्या तर पगारातून काटकसर करून बाकी फिटली असती. चालू ठेवल्या तर पीठ आणि सरपण माझ्याच पगारातून जाणार होतं. मी गुडघे टेकले. फार काही मागता आलं नाही. एवढंच म्हटलं की देवबापा, मला बोलता येत नाही. मग उठले, गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिले, आणि ते लांबून दिसले तशी मी हाक मारली. आयुष्यात मी रस्त्यावर कुणाला हाक मारली नव्हती.

"भाकरी झाली आहे. गार होईल."

उंच मुलगा जागच्या जागी थांबला. "मावशी, सध्या जमायचं नाय."

"डबे आणा."

"सिस्टरनी उधारी नाय म्हनून सांगितलंय."

"सिस्टरांना मी बघते."

सिस्टरांनी अर्थातच मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, स्वतःची बाकी डोक्यावर आणि निघाली दुसऱ्याला उधार द्यायला. पण त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा त्यांच्याकडची डाळीची वाटी माझ्या ओट्यावर यायला लागली.

हंगामाचा सण आला. मी त्या वर्षी लाडू पत्रावळीवर नेले. मागच्या बाकावर बसले. उपासना झाल्यावर मास्तर बाकी वाचायला उठले. तिघांचीच राहिली होती. पहिली दोन नावं वाचून ते घुटमळले, चष्मा काढला, पुसला. मग त्यांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "बाकी चाळीस."

मी डोळे मिटून बसले होते. वर्षभर ज्याची भीती होती ते झालं होतं. ते इतक्या पटकन झालं की मला आधी समजलंच नाही. पुढच्या बाकावरून गॅरेजवाले उठले. "मास्तर, ते माझ्याकडे मांडा. बोली मीच चढवली होती."

"नको," मी म्हटलं. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला असावा. "मी भरीन. उशीर होईल."

ते बसले. लिलाव सुरू झाला. कुणीतरी भोपळ्याबद्दल काही म्हणालं आणि लोक हसले. माझ्या शेजारच्या बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "बरी आहेस ना?" मी बरी आहे म्हटलं, आणि मी खरंच बरी होते.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हट्टी आहेस. तो आनंदाने देत होता."

मला त्यांना नीट सांगता आलं नाही, इथे लिहिते. चुकून का होईना, मी देवाचे उपकार मानायला हात वर केला होता. उपकार माझ्यावर झाले होते. रिकामी दुपार त्याने माझ्या हातून काढून घेतली आणि तिथे दोन भुकेली पोरं बसवली. ते उपकार गॅरेजवाल्यांनी माझ्यासाठी कसे मानायचे? नवरा गेल्यावर मी सणाला लाडू न्यायची ते रीत म्हणून. त्या वर्षी पहिल्यांदा मी सणाला आले आणि मनापासून देवाला म्हटलं की तू दिलंस.

वेळेचंही तसंच. मला वाटायचं तो माझा आहे आणि फार आहे. तो उसना मिळालेला असतो. ज्याला एकटेपण आहे त्याने तर तो लवकर कुणाच्या तरी कामी लावावा, कारण पडून राहिला तर तो आपल्यालाच खातो. हे मी कुणाला उपदेश म्हणून सांगत नाही. मला उपदेश करता येत नाही. ज्याची दुपार लांब असेल त्याने वाचलं तर वाचावं.

याचा अर्थ मग सगळं चांगलं झालं असं नाही. कारखाना उघडला नाही. नाताळ झाल्यावर दोघं पोरं वळकट्या घेऊन खिडकीशी आली. उंच मुलगा वडलांच्या कांद्यात राबायला चालला होता, दुसरा गावी. "मावशी, पैसे पाठवतो," उंच मुलगा म्हणाला, आणि पहिल्यांदाच पुढे काही विनोद केला नाही. कळवणच्या मुलाने वाकून माझ्या पायाला हात लावला. मला त्याची सवय नव्हती, मी मागे सरकले, मग वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टरांना गुडघ्यांनी उठणं होईना आणि त्यांचा भाचा त्यांना नगरला घेऊन गेला. टांग्यात बसताना म्हणाल्या, "भिंतीकडे बघत बसू नकोस." टांगा वळेपर्यंत मी उभी होते. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं. मागची पत्र्याची खोलीही रिकामीच. दुपारी चूल पेटवली की कुणासाठी हा प्रश्न यायचा. मग मी सरकारी दवाखान्यात जायला लागले. तिथे खेड्यातून आणून टाकलेली माणसं असतात, जवळ कुणी नसतं. त्यांना भाकरी दुधात कुस्करून भरवायची. ती माणसं बरी होऊन जायची नाहीतर तशीच जायची. आज ज्याला भरवलं तो उद्या त्या खाटेवर नसायचा. एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. त्यातच मी उपकार मानायला शिकत होते, कधी जमायचं, कधी नाही.

पोरांकडून पैसे येतील असं मी धरलं नव्हतं. पगारातून पुरत नव्हतं, कारण दवाखान्याचं पीठही त्यातूनच जायचं. मास्तरांकडे कधी दोन रुपये, कधी काहीच नाही. बाकी थोडी कमी व्हायची आणि अडकून राहायची.

पुढचा हंगामाचा सण जवळ आला तेव्हा एका दुपारी खिडकीशी एक वयस्क माणूस उभा दिसला. धोतर, पागोटं, अंगाला कांद्याचा वास. "चांदवडचा मी," तो म्हणाला. "माल घेऊन आलो होतो. माझ्या पोराला तुम्ही जेवू घातलं."

मी आत या म्हटलं. तो दारातच बसला. पाणी प्याला. म्हणाला, "पोराला दुसरीकडं काम लागलं, पुण्याकडं. त्याचे आन् त्या दुसऱ्याचेबी हायत, दोघांचे." त्याने कमरेचं फडकं सोडून नोटा पुढे केल्या. मी म्हटलं, एवढे झाले नसतील.

"मी नाय मोजले, त्यानं मोजले. आन् बाई, कांद्याला ह्या साली भाव हाय. पुढच्या साली नसला तर मी असा येणार नाय. घेऊन टाका."

मी घेतले. त्याने घर कुणाचं, एकट्याच का, असं काही विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "पोरगा दुबळा नाय झाला तुमच्यामुळं," आणि गेला.

रविवारी उपासना झाल्यावर मी मास्तरांच्या टेबलाशी गेले. ते पेटी बंद करत होते, माझ्यासाठी पुन्हा उघडली. मी नोटा ठेवल्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या, पावती लिहिली, वाळायला फुंकर घातली. म्हणाले, "ताई, झालं. सगळे फिटले. आता काही बाकी नाही."